पांढऱ्यातला पिवळा

"पोरी, तुया दुकानाचं तोंड चांगलं हाये."

नांदुऱ्यात कॉम्प्युटरचं दुकान उघडून मला जेमतेम आठवडा झाला होता. एक उंच, काटकुळा, धोतरातला म्हातारा छत्री मिटत आत आला आणि हे बोलला. मी आपली खूश. फर्निचर नवं होतं, बोर्ड अकोल्याहून करून आणला होता, काचेवर गेममधल्या शूरवीरांची चित्रं हौसेनं चिकटवली होती. मी आभार मानेपर्यंत त्यांनी खुर्ची ओढली, दाराकडे तोंड करून मांडली आणि बसले. बोर्ड, चित्रं, फर्निचर, यातलं त्यांना काही दिसलंच नव्हतं. दुकानाचं तोंड उत्तरेला आहे, एवढंच दिसलं होतं. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो आणि त्यात रंग खोटा दिसत नाही, हे मला पुढे त्यांच्याकडूनच कळलं. त्या दिवशी इतकंच कळलं, की हा माणूस काही घ्यायला आलेला नाही आणि जाणारही नाही.

पुढची सहा वर्षं ते त्या खुर्चीवर होते. मी त्यांना काकाजी म्हणायची. सगळेच म्हणायचे.

काकाजी कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर होते. म्हणजे आलेला कापूस डोळ्यांनी पाहून तो किती पांढरा, धागा किती लांब, कोणत्या प्रतीचा, हे सांगणारा माणूस. तीस वर्षं ते काम केलं. मग तिथे कापूस तपासायचं मशीन आलं. एके दिवशी मशीन एक बोललं, काकाजी दुसरं बोलले आणि मालकानं मशीनचं ऐकलं. काकाजींनी चपला घातल्या, छत्री घेतली आणि निघाले, ते परत गेले नाहीत. "मशीनले उजेड लागत नाई," ते म्हणायचे, "ज्याले उजेडच लागत नाई त्याले रंगातलं काय समजते?"

शेतकऱ्यांनी मात्र त्यांना सोडलं नाही. वडनेर भोलजीहून, पार मोताळ्याकडच्या रोहिणखेडहून लोक यायचे. शर्टाच्या खिशातून किंवा पदराच्या गाठीतून मूठभर कापूस काढायचे. काकाजी उत्तरेकडे तोंड करून उभे राहायचे, सरकी सोडवायचे, दोन अंगठ्यांत धरून धागे ओढत ओढत एक बारीक झुपका शिल्लक ठेवायचे आणि तो खिशातल्या काळ्या मखमलीच्या तुकड्यावर मांडायचे. मग एक शब्द बोलायचे. पांढरा. मयका. पिवया. आमच्याकडे ळ चा य होतो, डोळ्याचा डोया आणि काळ्याचा काया, तसा हा पिवया. मग तोच कापूस कागदाच्या पुडीत बांधून वर नाव, गाव, आपला शब्द आणि खाली सही. त्या पुड्यांची त्यांच्या घरी ट्रंक भरलेली होती.

तो एक शब्द म्हणजे गंमत नव्हती. कापूस कुठे न्यायचा, की वावरात आलेल्या व्यापाऱ्यालाच देऊन मोकळं व्हायचं, हे त्यावर ठरायचं. आणि पिवया म्हटलं की घरात दुसरा प्रश्न उभा राहायचा: कोणी केलं? कारण पहाटेच्या दवात ओला वेचला किंवा ओलाच रचून ठेवला की कापूस पिवळा पडतो. म्हणजे चूक कोणाच्या तरी हाताची. काकाजी शब्द देऊन मोकळे व्हायचे, भांडण घरी जाऊन व्हायचं.

पांढऱ्या रंगाचं त्यांना वेडच होतं म्हणा ना. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात नवरदेवाचा पोशाख पाहून त्यांनी वरबापाला भर मांडवात सांगितलं, "कुडता नवा हाये, पन पायजमा धुतलेला हाये." ते खरं होतं. ते खरं होतं म्हणूनच वरबाप पुढे जेवणापर्यंत आमच्याशी बोलला नाही. एका पुढाऱ्याला ते म्हणाले, "साहेब, नीळ जास्त झाली." पुढारी हसले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी धुणं धुणारी बाई माझ्या दुकानात येऊन काकाजींना जाब विचारून गेली.

आणि माझ्या मॉनिटरांशी तर त्यांनी पहिल्या महिन्यातच वैर धरलं.

मी गेम खेळते. बंदुकीचे. चाळिशीला टेकलेली बाई भर दुपारी दुकानात बसून धडाधड गोळ्या झाडते, हे स्टेशन रोडला पचायला दोन वर्षं लागली. काकाजींना पहिल्याच दिवशी पचलं. त्यांची तक्रार वेगळी होती. माझ्या लाडक्या मॉनिटरवर रात्रीचा देखावा चालू होता.

"हे रात्र हाये का?"

"हाव काकाजी."

"अशी कुठी रात असते? हे कायं नाई, माय. हे राखेचं हाये."

त्यांनी मखमलीचा तुकडा काढून पडद्यापाशी धरला. मी पाहिलं, आणि माझा मूड गेला तो गेलाच. ज्याला मी इतकी वर्षं काळं म्हणत होते आणि गिऱ्हाइकांना काळं म्हणून विकत होते, ते चक्क राखाडी होतं. त्या पडद्यांच्या मागे कायम दिवा जळत असतो, तो कितीही झाकला तरी झिरपतोच, हे मला पुस्तकी माहीत होतं. दिसलं कधी नव्हतं. एकदा दिसल्यावर न दिसणं जमेना.

ओएलईडीचे मॉनिटर तोवर आले होते, पण ते आमच्यासारख्यांनी फक्त वाचायचे. त्यात मागे दिवा नसतो, प्रत्येक ठिपका आपापला पेटतो आणि काळं हवं तिथे सरळ विझतो. मग सहाव्या पावसाळ्यात एक स्वस्तातला निघाला. स्वस्त म्हणजे जुनी मोटरसायकल विकली की येईल असा. सत्तावीस इंची, सेकंदाला दोनशे चाळीस वेळा चित्र बदलणारा. तो मी दुकानासाठी नाही, माझ्यासाठी मागवला. खोटं कशाला बोलू, थोडा काकाजींचं तोंड बंद करण्यासाठीसुद्धा मागवला.

तो लावला त्या दिवशी त्यांनी मला शटर अर्धं ओढायला लावलं. मी पूर्ण काळं चित्र लावलं.

"चालू कर ना."

"चालू हाये काकाजी."

"नाई."

मी माउस हलवला. त्या काळ्यात एक पांढरा बाण उगवला आणि सरकत गेला. काकाजी उठले. मखमल काढली, पडद्याच्या कडेला धरली. बराच वेळ धरली. मग तुकडा उलटा करून पुन्हा धरला.

"मखमल मयकी दिसून राह्यली," ते म्हणाले.

 संध्याकाळपर्यंत त्या पडद्यासमोर बसून राहिले आणि मग घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चपला दाराबाहेर काढायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं बिचकून आपल्याही काढू लागली आणि दुकानासमोर देवळासारखा चपलांचा ढीग दिसू लागला.

त्यांची दृष्टी काय होती, हे मला त्या मॉनिटरनं दाखवलं. वेगानं सरकणाऱ्या वस्तूमागे साध्या पडद्यावर जो पुसट ओघळ राहतो, त्याला ते शेपूट म्हणायचे. "याले शेपूट नाई," हा त्यांनी नव्या मॉनिटरला दिलेला दुसरा दाखला. मी म्हटलं, बघू या. त्यांना पाठ करून बसवायचं, मी सेटिंग बदलायचं, कधी सेकंदाला साठ, कधी एकशेवीस, कधी दोनशे चाळीस, मग त्यांना वळवून फक्त बाण फिरवून दाखवायचा. ते सांगायचे: लांब शेपूट, आखूड शेपूट, बिनशेपूट. वीस वेळा केलं. वीसच्या वीस बरोबर. समोर तीनचार जण बसले होते, त्यांच्यातल्या कोणालाही दहापेक्षा जास्त जमलं नाही. मलाही नाही, आणि मी यावर पोट भरते. माणसाच्या डोळ्याला एवढा फरक कळतच नाही म्हणून जगभर तावातावानं लिहिणारे लोक आहेत. त्यांना एकदा नांदुऱ्याला बोलवायला हवं होतं.

गेमही त्यांनी एकच खेळला, गाड्यांच्या शर्यतीचा. सगळे सुसाट निघून जायचे आणि काकाजी तीसच्या वेगानं, डाव्या बाजूनं. मध्येच गाडी थांबवायचे. समोर रात्रीचा समुद्र, वर आभाळ.

"तुमी हारले काकाजी."

"मी पाहून राह्यलो होतो," ते म्हणायचे.

दिवाळीच्या आधी कापसाचा पहिला वेचा सुरू झाला, तसे शेतकरी यायला लागले. काकाजींनी मखमल घरी ठेवून दिली आणि झुपका माझ्या मॉनिटरसमोर धरायला सुरुवात केली. माझा जीव वरखाली. कापसाची तुसं उडायची, कोणाचं तरी बोट लागायचं. शेवटी ठरलं, पडद्याला हात लावायचा नाही, बोटभर अंतर ठेवायचं. मी त्यांना पडदा दुभागून दिला. अर्धा काळा, त्यावर धाग्याची लांबी पाहायची. अर्धा पांढरा, त्याच्याशेजारी धरून रंग ताडायचा.

महिनाभरानं ते म्हणाले, "तुया पडद्याचा पांढरा पिवया पडून राह्यला."

मला काही दिसत नव्हतं. पण मला काय दिसत होतं तसंही? वीसच्या वीस सांगणारा माणूस म्हणतोय, म्हणजे पडलाच असणार. आणि ओएलईडीचे ठिपके वापरून झिजतात, हे मी वाचलेलं होतं. मी सेटिंगमध्ये जाऊन पांढऱ्यात निळा वाढवला. "आता?" "अजून." पंधरा दिवसांनी पुन्हा. तिसऱ्यांदा ते म्हणाले, तेव्हा मी अकोल्याच्या विक्रेत्याला फोन करून भांडले. तुमचा माल फसवा आहे, चार महिन्यांत पडदा पिवळा पडला, असं वाटेल ते बोलले. त्या बिचाऱ्यानं एक माणूस पाठवला.

त्या माणसानं पिशवीतून रंग मोजायचं छोटं यंत्र काढलं आणि पडद्यावर लटकवलं. काकाजी खुर्चीवरून पाहत होते. यंत्र पाहून त्यांनी तोंड वाकडं केलं.

"मॅडम, पिवया कुठी हाये?" तो म्हणाला. "निया पडला हाये तुमचा पडदा. कोनं केलं हे?"

मी केलं होतं. त्यानं माझं सगळं सेटिंग पुसून मूळचं लावलं, पुन्हा मोजलं आणि आकडा मला दाखवला. पडदा उत्तम होता. काळ्याला तर काही झालंच नव्हतं, पांढरासुद्धा जसा आला तसाच होता.

काकाजी उठून जवळ आले. "आता हा पांढरा हाये?"

"हाव काका."

"मले पिवया दिसते."

तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी खाली बघायला लागले. काकाजींनी त्याला दुसऱ्या मॉनिटरवर यंत्र लावायला सांगितलं, मग तिसऱ्या. प्रत्येक वेळी आधी आपण सांगायचं, मग यंत्राचं ऐकायचं. तिसऱ्या वेळी त्यांनी यंत्राचा आकडा तेवढा ऐकला. जाऊन खुर्चीवर बसले आणि दोन्ही हातांची बोटं पसरून त्यांच्याकडे पाहत राहिले.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

ते ना मला माहीत होतं ना त्या माणसाला. खामगावच्या डॉक्टरांनाही नेमकं सांगता आलं नाही. मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत, जगाला हळूहळू पिवळं करत जाणारा. नजर तशी चांगली राहते आणि इतक्या सावकाश होतं, की माणसाला स्वतःला पत्ता लागत नाही, असं ते म्हणाले. काकाजींनी वाद घातला नाही. एरवी मशीनचं नाव काढलं की पेटणारा माणूस, त्या दिवशी परत येताना फक्त म्हणाला, "मशीन बरोबर होतं." जिनिंगमधलं मशीन, की पडद्यावरचं यंत्र, मी विचारलं नाही.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठवड्यानं काळा चष्मा लावून ते दुकानात आले, चष्मा काढला आणि मला अख्खा पडदा पांढरा करायला सांगितला. एक डोळा हातानं झाकला. मग तो उघडून दुसरा झाकला. असं ते कितीतरी वेळ करत राहिले.

"या डोयानं पांढरा," ते म्हणाले. "या डोयानं, हयदीच्या पान्यातून काढला असा. इतका पिवया."

डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनला त्यांनी तारीख घेतली नाही. "तो अजून लागते," म्हणाले. दुसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन रिक्षातून उतरले. दोन हंगामांच्या पुड्या. दाराशी उजेडात बसून एकेक पुडी सोडायची, नव्या डोळ्यानं पाहायची, वरचा शब्द वाचायचा. कापूस पुडीत राहून थोडा उतरतो, तेवढं धरायचं. मग जुन्या डोळ्यानं पाहायची आणि मान हलवायची. "हाव. याच्यानंच सांगतलं." सलग दोन दिवस हे चाललं. ज्या डोळ्यावर हा माणूस आयुष्यभर उभा होता, त्याची तो स्वतः, कोणी न सांगता, एकेक चोरी पकडून बाजूला ठेवत होता. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं आणि नजरही हटत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी आत जाऊन रडून आले.

चुकलेल्या पुड्या सतरा निघाल्या.

"कोनाले माहीत हाये काकाजी?" मी म्हटलं. "कापूस केव्हाच गेला. आता कशाले उकरता?"

"पुडीवर माही सही हाये," ते म्हणाले. "स्कूटी काढ."

मार्चचं ऊन, मागे छत्री उघडून बसलेले काकाजी, त्यांच्या मांडीवर पुड्यांची पिशवी. चार दिवस आम्ही हिंडलो. बहुतेकांनी हसून सोडून दिलं. एक जण म्हणाला, जाऊ द्या, आमचं नशीब. काकाजींनी त्याला सोडलं नाही. "नशीब नाई. माया डोया होता. तसंच म्हन."

वडनेरला मात्र कोणी हसलं नाही. तिथल्या एका घरच्या थोरल्या बाई दिवाळीआधी कापूस घेऊन आल्या होत्या, मला आठवत होतं. काकाजींनी ओट्यावर बसून पुडी सोडली आणि सांगितलं, की हा पांढरा होता, मी पिवया सांगितला, चूक माझी. थोरल्या बाईंचा चेहरा उतरला. त्या आतल्या दाराकडे पाहायला लागल्या. दारात त्यांची धाकटी जाऊ उभी होती.

पिवया ऐकून घरी आल्यावर थोरलीनं धाकटीला धरलं होतं. बायांना घेऊन वेचायला तीच जायची. दवातच घुसलीस, दम नव्हता तुले, असं चार लोकांत बोलली होती. धाकटी शपथा घेऊन थकली. तेव्हापासून दोघी एका चुलीवर स्वयंपाक करत होत्या आणि एकमेकींशी बोलत नव्हत्या.

काकाजी ओट्यावरून उठले. धाकटीपुढे जाऊन त्यांनी हात जोडले.

"बाई, तू दवात नोता वेचला. दव माया डोयात होतं."

तिनं पदर डोक्यावर ओढला. मग म्हणाली, "घरात सांगतलं, बरं झालं. पन मले सारं गाव दववाली म्हनते. हल्दीकुंकवाले गेली तरी म्हनते. पुढच्या वेच्याले बाया आल्या नाई मायासंगं."

थोरली हळूच म्हणाली, "जाऊ दे वो आता."

"तुमाले नाई म्हनत ना कोनी," धाकटी म्हणाली. चार महिन्यांत ती थोरलीशी पहिल्यांदा बोलली, ती हे.

मला वाटलं काकाजी चहा घेतील, समजूत घालतील आणि आम्ही निघू. त्यांनी चपला घातल्या. "कोनती घरं, दाखव," ते म्हणाले.

ती पुढे, ते मागे, मी स्कूटी ढकलत त्यांच्या मागे. दारासमोर ती थांबायची आणि म्हणायची, "इथं." काकाजी काळा चष्मा काढायचे आणि घरातल्यांना बाहेर बोलावून सांगायचे: हिनं दवात वेचला नव्हता, माझा डोळा खराब होता, मी खोटं सांगितलं. तेच शब्द, एकही कमी नाही. काही बाया पदर तोंडाला लावून हसल्या. एक माणूस म्हणाला, "काकाजी, असं सांगत फिरलं तं उद्या तुमाले कापूस कोन दाखवन?"

"नोको दाखवू," काकाजी म्हणाले आणि पुढच्या दाराकडे वळले.

तीस वर्षांच्या नोकरीत आणि पुढच्या सगळ्या काळात त्यांनी जे काही कमावलं होतं, ते त्यांच्या एका शब्दात होतं. तो शब्द ते वडनेरच्या दारोदार उतरवून ठेवत चालले होते. मी खूप गेम जिंकले आहेत, खूप लोकांना जिंकताना पाहिलं आहे. इतका मोठा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

शेवटच्या घरी एक म्हातारा बाजेवर बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग आत जाऊन घरात राखून ठेवलेल्या कापसातला मूठभर घेऊन आला आणि काकाजींपुढे धरला.

"डोया नवा बसवला ना आता? मंग हा पाहून सांगा. न्यायचा हाये मले."

काकाजींनी कापूस घेतला. उत्तरेकडे वळले, सरकी सोडवली, धागे ओढले, झुपका केला. डावा डोळा मिटून पाहिला. मी शब्दाची वाट पाहत होते. त्यांनी तो झुपका धाकटीच्या तळहातावर ठेवला.

"तू सांग."

ती गोंधळली. आजूबाजूच्या बाया जवळ सरकल्या. तिनं काकाजींकडे पाहिलं, ते भिंतीकडे पाहत होते. मग तिनं हात उजेडात धरला आणि झुपका बोटानं उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"पांढरा हाये," ती म्हणाली. "दवातला नाई."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या उरलेल्या कापसाकडे.

"बरं," तो म्हणाला. "मंग उद्या नेतो."